माणूस धरायचा की जागा? अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधल्या बचावाची कथा

एखाद्या वस्तीत चोऱ्या वाढल्या तर बंदोबस्त दोन तऱ्हांनी करता येतो. एक म्हणजे प्रत्येक संशयितामागे एकेक शिपाई लावायचा. तो जाईल तिथे हा जाणार. दुसरी तऱ्हा म्हणजे नाक्यानाक्यावर शिपाई उभा करायचा. तिथून कोणीही जावो, त्याने अडवायचं. पहिल्या तऱ्हेत शिपाई दमतो, आणि गर्दीत माणूस निसटला की खेळ खलास. दुसरीत शिपाई ताजातवाना राहतो, पण दोन नाक्यांच्या मधून चोर पसार झाला की दोघेही हात वर करणार: ती माझी हद्द नव्हती! बास्केटबॉलमधल्या बचावाचा शंभर वर्षांचा वाद मुळात एवढाच आहे. पहिल्या पद्धतीला मॅन-टू-मॅन म्हणतात, दुसरीला झोन.

एवढाच म्हटलं खरं, पण याच वादापायी अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने एका पद्धतीवर ५४ वर्षं बंदी घातली, कॉलेजच्या मैदानात घड्याळ आणावं लागलं, आणि खेळाच्या गोष्टीत हिंमत, आळस, पळपुटेपणा असले शब्द येऊन बसले. आज आपण मुख्यतः कॉलेजच्या खेळाबद्दल बोलणार आहोत, कारण दोन्ही पद्धती इतकी वर्षं एकमेकींसमोर उभ्या राहिल्या त्या तिथेच.

सुरुवात डिसेंबर १८९१ ची. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ तयार केला. वर्गात मुलं अठरा, म्हणून एका बाजूला नऊ: तीन पुढे, तीन मध्ये, तीन मागे. (आपल्याकडेही या खेळाच्या प्रसारात वाय.एम.सी.ए.चा हात मोठा. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं ते त्याच संस्थेचं.) नेस्मिथच्या तेरा नियमांत बचाव कसा करायचा याबद्दल अवाक्षर नाही. पण मागचे तिघे साधारण मागेच राहायचे, म्हणजे जागा वाटून घेण्याची कल्पना पहिल्या दिवसापासून होतीच. स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन यांनी मुलींसाठी हा खेळ बसवला तेव्हा तर कोर्टाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग सोडून जायला बंदी केली. मुलांच्या खेळात जो पुढे डावपेच झाला, तो मुलींच्या खेळात चक्क कायदा होता. बायकांनी फार धावू नये, ही त्यामागची त्या काळची समजूत. झोनवर पुढे जो आळसाचा आणि नाजूकपणाचा शिक्का बसला, त्याला हाही एक धागा असावा असं आम्हाला वाटतं. पुरावा मागाल तर हातात नाही.

मुलांच्या खेळात संख्या पाचावर स्थिरावली, आणि पाचास पाच म्हटल्यावर ज्याने त्याने आपला माणूस धरावा हे ओघानेच आलं. मग झोन कुठून आला? याची एक गोष्ट वेस्ट व्हर्जिनियात सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला ब्रिस्टल नावाच्या गावात कॅम हेंडरसन शाळेच्या मुलांना शिकवत होते. छप्पर गळत होतं, लाकडी जमीन ओली. मुलं आपापल्या माणसामागे धावायला गेली की धाडकन पडायची. हेंडरसननी सांगितलं, धावू नका, आपापल्या जागेवर उभे राहा, जो समोर येईल त्याला अडवा. दोघे पुढे, तिघे मागे. हाच तो दोन-तीनचा झोन. आता अशा उगमकथा इतिहासाच्या विद्यार्थ्याने चिमूटभर मीठ घालूनच घ्यायच्या असतात. ही कल्पना चार ठिकाणी चार जणांना सुचली असण्याचा संभव जास्त. पण हेंडरसन पुढे मार्शल विद्यापीठात वीस वर्षं प्रशिक्षक होते आणि झोनचे जाणते मानले गेले, हे पक्कं. शिवाय गोष्टीचा गाभाही खरा आहे. झोन जन्मला तो अडचणीतून. पाय घसरतात, मुलं हळू आहेत, समोरचा वरचढ आहे. अशा वेळी काढलेली ती तोड होती.

आपल्या कबड्डीची आठवण इथे येणं साहजिक आहे. कोपरारक्षक, मध्यरक्षक या जागाच आहेत. चढाई करणारा एकच असल्यामुळे तिथे माणूस वाटून घेण्याचा प्रश्नच येत नाही. जागा वाटून घ्यायची आणि साखळी धरायची. बास्केटबॉलमध्ये मात्र 'चढाई' करणारे पाच आणि त्यातला चेंडू एकाच्याच हातात. बाकीच्या चौघांवर नजर ठेवायची की चेंडूवर? मॅन-टू-मॅनवाला म्हणतो माणसावर, झोनवाला म्हणतो चेंडूवर. चेंडू डावीकडे गेला की झोनमधले पाचही जण डावीकडे सरकतात, जणू एका दोरीत ओवलेले. दुबळ्या जागा कोणत्या, तेही ठरलेलं: दोन्ही कोपरे, फ्री थ्रोच्या रेषेजवळची मधली पोकळी, आणि चुकलेल्या फेकीनंतरचा रीबाउंड, कारण कोणाला अडवून उभं राहायचं हे आधी ठरलेलं नसतं.

तिसाव्या दशकात लाँग आयलंड विद्यापीठाचे क्लेअर बी यांनी एक-तीन-एक अशी नवी मांडणी रूढ केली, असं मानतात. पण प्रतिष्ठा मॅन-टू-मॅनलाच होती. ओक्लाहोमा ए अँड एमच्या हँक आयबा यांनी १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली ती त्याच पद्धतीवर. कॅन्ससचे फॉग ॲलन यांची गंमत बघा. नेस्मिथच्या हाताखाली खेळलेला हा माणूस. त्यांनी आपल्या बचावाला नाव दिलं होतं 'स्तरबद्ध संक्रमणशील मॅन-फॉर-मॅन बचाव, झोनच्या तत्त्वासह'. हे नाव उच्चारेपर्यंत समोरचा बास्केट करून परत जाईल! पण विनोद सोडा. ॲलनना कळलं होतं की शुद्ध माणूस-पद्धत आणि शुद्ध जागा-पद्धत या दोन टोकांच्या मध्येच खरा बचाव राहतो. फक्त झोन हा शब्द त्यांनी शेपटाला ठेवला.

याच वेळी व्यावसायिक खेळाने वेगळी वाट धरली. १९४६ मध्ये सुरू झालेल्या लीगने, जिची पुढे एन.बी.ए. झाली, जानेवारी १९४७ मध्ये, पहिल्याच हंगामात, झोनला बंदी केली. कारण सरळ होतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला धावपळ हवी, गुण हवेत. पाच जण बास्केटखाली दाटीवाटीने उभे राहिले तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. ही बंदी थेट २००१-०२ च्या हंगामात उठली. कॉलेजांनी मात्र झोनला कधीच हात लावला नाही. आमच्या मते कारण असं, की व्यावसायिक लीगमध्ये संघ मोजके आणि खेळाडू निवडक. कॉलेजं शेकडो, आणि सगळ्यांकडे सात फुटी केंद्र-खेळाडू कुठून येणार? झोन काढून घेतला तर लहान कॉलेजाने मोठ्यासमोर उभं तरी कसं राहायचं? दुबळ्याच्या हातातलं हत्यार म्हणून तो टिकला.

पण या हत्याराला एक उलटी धार होती, आणि ती कापायला लागली साठ-सत्तरच्या दशकांत. कॉलेजच्या खेळात तेव्हा घड्याळ नव्हतं. व्यावसायिक लीगने १९५४ मध्येच चोवीस सेकंदांचं शॉट क्लॉक आणलं होतं. म्हणजे चेंडू हातात आल्यावर तेवढ्या वेळात फेक करायलाच हवी. कॉलेजमध्ये हवा तेवढा वेळ चेंडू धरून ठेवता यायचा. मग समोरचा झोनमध्ये बसला आणि बाहेर यायला तयार नसला, तर करायचं काय? चेंडू घेऊन उभं राहायचं. तू बाहेर ये, मग खेळतो. तो म्हणणार, तू आत ये. दोन हट्टी शेजाऱ्यांमधल्या भांडणासारखं.

१५ डिसेंबर १९७३ ला टेनेसी विरुद्ध टेंपल. टेनेसीने झोन सोडला नाही, टेंपलने चेंडू सोडला नाही. अंतिम गुणसंख्या ११-६. चाळीस मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून सतरा गुण! फेब्रुवारी १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या डीन स्मिथ यांनी ड्यूकच्या झोनसमोर तेच केलं, ड्यूकच्याच मैदानावर. मध्यंतराला ७-० अशी ड्यूककडे आघाडी. उत्तरार्धात दोन्ही संघ नीट खेळले आणि दोघांनी चाळीस-चाळीस गुण केले. ड्यूक ४७-४० ने जिंकलं. म्हणजे पूर्वार्धातल्या त्या सात गुणांनीच निकाल लावला.

डीन स्मिथ हा काही खेळ बिघडवायला निघालेला माणूस नव्हता. ते ॲलनचे शिष्य, कॅन्ससच्या १९५२ च्या विजेत्या संघातले. त्यांचा हिशोब असा, की झोनमध्ये बसलेल्याला बाहेर काढण्याचा हक्क मला आहे, आणि नियम मला तो देतो. वकिली दृष्टीने बिनतोड. पण ७ मार्च १९८२ ला त्यांच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात हा हिशोब साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला. एका बाजूला मायकेल जॉर्डन, जेम्स वर्दी, सॅम पर्किन्स. दुसऱ्या बाजूला व्हर्जिनियाचा सात फूट चार इंची राल्फ सॅम्पसन. यांच्याइतके चांगले विद्यार्थी-खेळाडू एका कोर्टावर क्वचितच आले असतील. आणि शेवटी शेवटी जवळजवळ सात मिनिटं काय झालं? नॉर्थ कॅरोलायनाने चेंडू इकडून तिकडे फिरवला, व्हर्जिनिया झोनमध्ये बसून राहिलं. निकाल ४७-४५. दोन्ही प्रशिक्षकांचं गणित बरोबर होतं आणि सामना बघवत नव्हता.

पुढच्याच हंगामात त्या कॉन्फरन्सने तीस सेकंदांचं घड्याळ आणि तीन गुणांची रेषा करून पाहिली. देशभर पुरुषांच्या कॉलेज खेळात पंचेचाळीस सेकंदांचं घड्याळ आलं १९८५-८६ मध्ये, आणि लगेच पुढच्या हंगामात १९ फूट ९ इंचांवर तीन गुणांची रेषा. घड्याळ पुढे पस्तीसवर आणि २०१५-१६ पासून तीसवर आलं. घड्याळाआधीचा शेवटचा अंतिम सामना, एप्रिल १९८५, मुद्दाम आठवावा असा आहे. व्हिलानोव्हाने पॅट्रिक यूइंगच्या जॉर्जटाउनला ६६-६४ ने हरवलं. अठ्ठावीस फेकी, त्यातल्या बावीस यशस्वी. बचाव सतत बदलता ठेवायचा आणि घाई न करता एकेक फेक निवडायची. जुन्या नियमांनी जाता जाता असा एक सामना देऊन ठेवला.

आता खरं तर झोन मरायला हवा होता. बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळायला लागले. आणि झोन तर बाहेरचीच जागा सोडतो. तसं भाकीत करणारे कमी नव्हते. झालं उलटंच. घड्याळामुळे झोनवाल्याला एक मोठी भेट मिळाली: आता समोरच्याला थांबता येत नव्हतं. झोनमध्ये फट शोधायला वेळ लागतो, आणि वेळच कमी झाला. शिवाय तीन गुणांचा मोह वाईट. चांगली फट सापडायच्या आत पोरं लांबून चेंडू टाकायला लागली.

या काळातला झोनचा मोठा माणूस म्हणजे टेंपलचे जॉन चेनी. १९३२ चा जन्म, कृष्णवर्णीय, फिलाडेल्फियात वाढलेले. मोठ्या कॉलेजची जागा मिळाली १९८२ मध्ये, वयाच्या पन्नाशीला. सराव पहाटे साडेपाचला. गरीब वस्त्यांतली, शाळेत मागे पडलेली मुलं ते घ्यायचे, आणि परीक्षेच्या गुणांवरून अशा मुलांना पहिल्या वर्षी खेळायला मनाई करणाऱ्या नियमाविरुद्ध त्यांनी जाहीर भांडण मांडलं. त्यांचा झोन साधा नव्हता. त्याला मॅचअप झोन म्हणतात. जागा आपली, पण त्या जागेत माणूस आला की त्याला असं धरायचं की समोरच्याला वाटावं हा मॅन-टू-मॅन आहे. तो जागेबाहेर गेला की शेजाऱ्याच्या हवाली करायचा. हद्दीचा वाद मिटवण्याची ही तोड, पण पाचही जणांनी सतत एकमेकांना सांगत राहावं लागतं. झोन म्हणजे आळस म्हणणाऱ्यांनी तो पहाटेचा सराव बघायला हवा होता.

१९८८ मध्ये टेंपल देशात पहिल्या क्रमांकावर होतं. अंतिम चौघांत जाण्यासाठी एकच सामना उरला, ड्यूकशी. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की. आर्मीच्या संघात ते बॉब नाइट यांच्या हाताखाली खेळले होते, आणि नाइट म्हणजे मॅन-टू-मॅनचे कडवे वारकरी. १९७६ मध्ये त्यांच्या इंडियानाने बत्तीसपैकी बत्तीस सामने जिंकले ते त्याच बचावावर. शशेव्स्कींनी ड्यूकमध्ये तीच शिकवण नेली. बचावाला उभे राहताना ड्यूकची मुलं दोन्ही तळहात जमिनीवर आपटायची: आता माझा माणूस माझ्यापुढून जाणार नाही. त्या सामन्यात त्यांनी टेंपलच्या मार्क मेकनवर बिली किंग या एका खेळाडूला सोडलं. मेकन पहिल्या वर्षाचा पोरगा, संघाचा सगळा भार त्याच्यावर. त्याने एकोणतीस फेकी केल्या, सहा आत गेल्या. ड्यूक ६३-५३. टेंपलचा झोन त्या दिवशी काही मोडला नव्हता. त्रेसष्ट गुण म्हणजे फार नव्हेत. सामना गेला तो दुसऱ्या टोकाला, जिथे एका माणसाने एका माणसाला धरलं होतं. चेनी पाच वेळा याच पायरीपर्यंत आले, अंतिम चौघांत कधीच पोचले नाहीत.

जिम बेहाइम पोचले. सिराक्यूसला ते १९७६ ते २०२३ अशी सत्तेचाळीस वर्षं प्रशिक्षक होते. सुरुवातीला दोन्ही पद्धती वापरायचे, हळूहळू दोन-तीनच्या झोनवर स्थिरावले. लांब हातांची मुलं शोधायची आणि तोच एक बचाव वर्षानुवर्षं घोटायचा. बाकी सगळे मॅन-टू-मॅन खेळत असताना आपण एकटेच झोन खेळलो, तर मार्चच्या स्पर्धेत समोरच्याला तयारीला मिळतो जेमतेम एक दिवस. दुर्मीळ असणं हीच त्याची निम्मी ताकद.

२००३ चा अंतिम सामना, न्यू ऑर्लिन्स. याच इमारतीत १९८७ मध्ये नाइटच्या इंडियानाने बेहाइमना ७४-७३ ने हरवलं होतं. आता समोर कॅन्सस. सिराक्यूसकडे पहिल्या वर्षाचा कार्मेलो अँथनी; वीस गुण, दहा रीबाउंड, सात असिस्ट. शेवटचे काही क्षण, कॅन्सस तीन गुणांनी मागे, आणि चेंडू येतो कोपऱ्यात मायकेल ली याच्याकडे. मघाशी म्हटलं ना, कोपरा ही झोनची दुखरी जागा. ली मोकळा होता. हाकीम वॉरिक बास्केटजवळून झेपावला आणि फेक हातातून सुटता सुटता त्याने ती बाहेर उडवली. ८१-७८. झोनचं दौर्बल्य आणि त्यावरचा इलाज, लांब हात, दोन्ही एका क्षणात दिसले. मात्र हेही सांगायला हवं की कॅन्ससने त्या दिवशी तीसपैकी अठरा फ्री थ्रो चुकवले, आणि फ्री थ्रोला कुठलाच झोन आड येत नाही.

२००९ च्या नोव्हेंबरात याच सिराक्यूसने त्याच शहरातल्या ल मॉइन या खालच्या श्रेणीच्या छोट्या कॉलेजकडून सराव-सामन्यात ८२-७९ असा मार खाल्ला. खेळत होते मॅन-टू-मॅन. त्यानंतर बेहाइमनी तो प्रयोग गुंडाळून ठेवला.

मॅन-टू-मॅनच्या टोकाचाही एक किस्सा आहे. नोव्हेंबर २००८, डेव्हिडसन विरुद्ध मेरीलँडचं लॉयोला. डेव्हिडसनकडे स्टीफन करी. लॉयोलाच्या प्रशिक्षकांनी त्याच्यावर दोन माणसं लावली, सबंध सामनाभर. करी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, दोघे त्याच्याबरोबर, आणि उरलेले चौघे तिघांशी खेळत बसले. करीचा एकही गुण नाही. डेव्हिडसन ७८-४८ ने जिंकलं.

आणि ड्यूक? जानेवारी २०१५ मध्ये दोन सामने लागोपाठ हरल्यावर शशेव्स्की लुईव्हिलला गेले आणि चक्क झोन खेळले. ६३-५२ ने जिंकले, आणि एप्रिलमध्ये विजेतेही झाले. २०१८ मध्ये तर संघात पहिल्या वर्षाची मुलं इतकी की माणूस धरायचं शिस्तबद्ध शिक्षण द्यायला वेळच नव्हता; पुढच्या वर्षी ती व्यावसायिक खेळात जाणार. हंगामाच्या उत्तरार्धात ड्यूकने दोन-तीनचाच झोन धरला. मार्चमध्ये गाठ पडली सिराक्यूसशी. बेहाइम हे अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात शशेव्स्कींचे साहाय्यक होते, जुने स्नेही. झोनबद्दल दोघांचं बोलणं झालं नसेल तरच नवल. दोन्ही बाजूंनी झोन. ड्यूक ६९-६५. तळहात आपटायला कोणी वाकलं नाही.

त्याच मार्चमध्ये व्हर्जिनियाचंही काय झालं ते बघा. टोनी बेनेट यांचा 'पॅक लाइन' बचाव त्यांचे वडील डिक बेनेट यांनी घडवलेला. नावाला मॅन-टू-मॅन. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर एक जण तुटून पडतो, उरलेले चौघे मात्र बास्केटभोवती सोळा-एक फुटांवर कल्पलेल्या रेषेच्या आत दाटून उभे. बघणाऱ्याला हा झोनच वाटावा. पहिल्या मानांकनाचा हा संघ सोळाव्या मानांकनाच्या यू.एम.बी.सी.कडून ७४-५४ ने हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. मध्यंतराला २१-२१ होते, पुढच्या वीस मिनिटांत त्रेपन्न गुण खाल्ले. बेनेटनी बचाव बदलला नाही. २०१९ मध्ये तोच बचाव घेऊन व्हर्जिनिया जादा वेळेत टेक्सास टेकला ८५-७७ ने हरवून विजेतं झालं.

बेलरच्या स्कॉट ड्रू यांनी उलट केलं. बरीच वर्षं झोनसाठी ओळखला जाणारा त्यांचा संघ त्यांनी मॅन-टू-मॅनवर नेला आणि २०२१ चं विजेतेपद घेतलं. रेषा आता २२ फुटांच्याही पलीकडे गेली आहे आणि तिथून नेम साधणारी मुलं प्रत्येक संघात दोन-तीन तरी असतात. पाच जणांनी एवढी जागा सांभाळणं फार जड जातं. मार्च २०२३ मध्ये बेहाइम गेले. त्यांच्या जागी आले एड्रियन ऑट्री, त्यांच्याच संघात खेळलेले आणि त्यांचेच साहाय्यक. पहिल्याच हंगामात सिराक्यूस मुख्यतः मॅन-टू-मॅन खेळायला लागलं.